केळीच्या ढिगावर आलेली छत्री: नवी जात आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

केळीबाग_चोपडा

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमची केळी आहे. मागच्या मृगबागेची कापणी झाली तेव्हा सगळी खोडं आणि पाला बांधाला निंबाखाली टाकला होता. परवा झडी उघडल्यावर तिकडे गेलो तर ढिगावर कोंबडीच्या अंड्याएवढे करडे गोळे दिसले. संध्याकाळपर्यंत त्यातले काही वरून फाटले आणि आतून छत्री बाहेर आली.

टोपी राखाडी, मध्यभागी जवळजवळ काळी, कडेकडे फिकट होत गेलेली. वरून बारीक रेषा ओढल्यासारख्या. दांडा पांढरा, त्यावर कडं नाही. बुडाला मात्र फाटक्या पिशवीसारखी जाड वाटी आहे, तीही करडीच. टोपीखालच्या पातळ पात्या, म्हणजे गिल्स, पहिल्या दिवशी पांढऱ्या होत्या, दुसऱ्या दिवशी गुलाबीसर झाल्या. पाच फोटो टाकलेत, त्यातला एक माती बाजूला करून बुडाचा आहे.

मोबाइलमधल्या अ‍ॅपला दाखवलं तर प्रत्येक फोटोला नवं नाव, दोनदा तर अमानिटा म्हणालं. गावात जुन्या माणसांना विचारलं, वारूळावरची छत्री सगळ्यांना माहीत, ही कोणालाच नाही. आमच्याकडे काम करणारे पावरा दादा डोंगरातल्या बऱ्याच छत्र्या ओळखतात. तेही म्हणाले, आमच्याकडे ही खात नाहीत.

माझे प्रश्न: ही नवी जात असू शकते का? हे कोण ठरवतं? नवी निघालीच तर आमच्या गावाचं नाव देता येतं का? आणि निंदणीला येणाऱ्या बायका विचारताहेत की भाजी होईल का, त्यांना काय सांगू?

माळरान_धुळे

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मनी माय म्हने, वळखनी नही ती छत्री घरमा आननी नही. बायकांना हेच सांगा.

बाकी जाणकार बोलतीलच. माझा पण एक प्रश्न जोडतो. आमच्या शिंदखेडा भागात कोरड्या माळावर, वारूळाच्या अंगावर एक लांबट छत्री येते. ती कधी उघडतच नाही, वाळली की आत काळी पूड. पुस्तकात तिला पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस म्हणतात. पण वेगवेगळ्या गावांत तिची उंची, खवले, पुडीचा रंग वेगळा दिसतो. सगळी एकच जात कशी?

पावसाळी_वही

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि जळगाव जिल्ह्यातल्या भूछत्रांच्या नोंदी ठेवते. तुम्ही बुडाचा फोटो काढलात याचा मला फार आनंद झाला. बहुतेक लोक दांडा मोडून वरची टोपी आणतात आणि ओळखीची सगळ्यात मोठी खूण मातीतच राहते.

आधी भाजीचं. बायकांना स्पष्ट नाही म्हणा, आणि कारणही सांगा. तुमची छत्री मला व्होल्व्हॅरिएला गटातली वाटते. भाताच्या काडावर पिकवतात ती खाण्याची छत्री याच गटातली. पण तिचे न उमललेले गोळे आणि विषारी अमानिटाचे गोळे बाहेरून सारखेच दिसतात. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांनी आपल्या देशातली ओळखीची छत्री समजून तिथली अमानिटा फॅलॉइड्स शिजवली आणि माणसं दगावली. ते विष शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायलाच सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. तेव्हा फोटो बघून मीच काय, कोणीही ‘खा’ म्हटलं तरी ऐकू नका.

आता ओळख. आज एक छोटं काम करा. उमललेल्या छत्रीची टोपी दांड्यापासून कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्या आणि टोपी गिल्स खाली करून त्यावर ठेवा. वरून वाटी पालथी घाला आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी गिल्सच्या रेषांप्रमाणे बीजाणूंचा थर पडलेला दिसेल. छाप गुलाबी किंवा गुलाबी-विटकरी आली तर व्होल्व्हॅरिएलाचा रस्ता बरोबर. पांढरी आली तर अमानिटाचा विचार करावा लागेल. अ‍ॅपला ही छाप दिसत नाही, म्हणूनच ते दर फोटोला वेगळं बोलतं. गवतावर आणि शेणखताच्या जागी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री येते ना, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, तिची छाप हिरवट येते. खाऊन आजारी पडलेल्या किती घरांनी ती छाप आधी पाहिली असती तर दवाखाना टळला असता.

जागाही बोलते. अमानिटाच्या बहुतेक जाती जिवंत झाडाच्या मुळांशी भागीदारी करून जगतात, आणि त्यांना झाडंही ठराविक लागतात. आपल्या सातपुड्यातला साग त्या प्रकारची भागीदारी करत नाही, त्याच्या मुळांतली बुरशी वेगळ्या गटाची असते आणि तिला छत्र्या येत नाहीत. म्हणून आपल्याकडच्या निव्वळ सागाच्या जंगलात अमानिटा, रसुला, बोलिटस ही मंडळी कमी भेटतात. तुमची छत्री तर कुजणाऱ्या केळीच्या खोडावर आहे. तिचं पोट मेलेल्या काडीकचऱ्यावर भरतं. ही खूण व्होल्व्हॅरिएलाच्या बाजूची आहे, पण एकटीवर निकाल देता येत नाही.

आता मुख्य प्रश्नावर येते. नवी जात म्हणजे ‘गावात कोणी पाहिली नाही’ किंवा ‘पुस्तकात चित्र सापडलं नाही’ एवढंच नव्हे. तुमच्या नमुन्याची त्या गटातल्या नाव दिलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी तुलना झाली पाहिजे, आणि फरक वयाचा, पावसाचा, मातीचा नाही हे दिसलं पाहिजे. छत्रीचा रंग उन्हात उडतो, पावसात धुतला जातो, आकार ढिगातल्या ओलीवर ठरतो. म्हणून मायक्रोस्कोप लागतो.

तिथे काय बघतात ते सांगते, कारण यातली मजा सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवं ब्लेड घेऊन गिलचा आडवा काप घ्यायचा, इतका पातळ की काचपट्टीवर जेमतेम दिसावा. वाळलेला नमुना असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात तो पुन्हा फुगतो, मग काँगो रेड या रंगाचा थेंब. गिलच्या मधल्या भागात बुरशीचे धागे उभे दिसतात. व्होल्व्हॅरिएलात ते धागे दोन्ही बाजूंनी मध्याकडे झुकलेले असतात, अमानिटात मध्यापासून बाहेर फाकलेले. एकदा हा फरक डोळ्यांनी पाहिला की या दोघींची गल्लत होत नाही. गिलच्या कडेला मोठ्या, फुगीर पेशी असतात, त्यांचा आकार जातीजातीत बदलतो. त्यांचं चित्र काढावं लागतं. शेवटी बीजाणू मोजायचे, तेही छापेतले, म्हणजे पिकलेले. वीस-तीस तरी मोजायचे, लांबी आणि रुंदी दोन्ही, आणि एकाच छत्रीचे नाही, दोन-तीन छत्र्यांचे. काडावरच्या व्होल्व्हॅरिएला व्होल्व्हेसियाचे बीजाणू साधारण ७ ते ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असतात. तुमचे त्यात बसले तर आधी तिचाच विचार करायचा.

आणि धुळ्याच्या दादांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी छत्र्यांवर आपण युरोपात बसलेल्या लोकांनी दिलेली जुनी नावं चिकटवली आहेत. व्होल्व्हेसिया हे नाव फ्रान्सच्या बुलियार्ने अठराव्या शतकात दिलं. गॅनोडर्मा ल्युसिडमचं मूळ वर्णन १७८१ सालचं, इंग्लंडमधल्या नमुन्यावरून. तेच नाव आशियाभर प्रत्येक चकचकीत, लाखी रंगाच्या लाकडी छत्रीला लावलं गेलं. डीएनए तपासल्यावर चीनमध्ये औषधासाठी पिकवतात ती वेगळीच जात निघाली, आणि २०१२ मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव मिळालं. पोडॅक्सिसचंही तसंच आहे. पिस्टिलॅरिस या एका नावाखाली एकाहून जास्त जाती आहेत हे डीएनएने दाखवलं आहे. म्हणजे तुम्हाला गावोगाव दिसणारा फरक खरा असू शकतो. जंगलात खोल जाऊनच नवीन सापडतं असं नाही. बांधावरच्या, वारूळावरच्या, सगळ्यांच्या पायाखालच्या छत्रीवर चुकीचं जुनं नाव लागलेलं असतं, आणि तिचा नीट नमुना कोणी ठेवलेलाच नसतो. खान्देशाबाबत मला सगळ्यात जास्त हेच वाटतं. सह्याद्रीत, कोकणात लोक छत्र्या शोधत फिरतात, आपला भाग कोरडा म्हणून सोडून देतात. आपल्या झडीत काय काय उगवतं ते येऊन बघा म्हणावं.

लॅब_पुणे

इतका खटाटोप कशाला? नखाएवढा तुकडा सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचायला, द्या. आयटीएस वाचून घ्या, डेटाबेसशी जुळवा, नाव हातात. मायक्रोस्कोपचं युग संपलं.

पावसाळी_वही

सिक्वेन्सिंग करावंच, मी नाही म्हणत नाही. आयटीएस हा डीएनएचा तुकडा २०१२ साली बुरशांचा बारकोड म्हणून सुचवला गेला आणि आज पहिली तपासणी त्याचीच होते. पण डेटाबेस म्हणजे लोकांनी भरलेली माहिती. २००६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की सार्वजनिक डेटाबेसमधल्या बुरशांच्या आयटीएसपैकी साधारण २० टक्क्यांवर चुकीचं नाव असू शकतं. तुमचा तुकडा चुकीच्या नावाच्या नोंदीशी १०० टक्के जुळला, तर चूक पण १०० टक्के जुळते.

उलटी अडचण जास्त मोठी. समजा ९४ टक्केच जुळलं. मग नवी जात? असेलही. किंवा असंही असेल की शंभर वर्षांपूर्वी तिचं नाव आणि वर्णन झालंय, वाळका नमुना एखाद्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेले नमुने जपणाऱ्या संग्रहाच्या, कपाटात आहे, फक्त त्याचा डीएनए अजून कोणी वाचलेला नाही. उष्ण प्रदेशातल्या छत्र्यांत हे नेहमीचं आहे. अशा वेळी जुनं वर्णन काढून बीजाणूंची मापं, कडेच्या पेशी, टोपीची साल समोरासमोर ठेवावी लागते, शक्य असेल तर तो जुना नमुनाच मागवून बघावा लागतो. मायक्रोस्कोप सोडला तर तुलनेचा हा धागाच तुटतो. शिवाय फक्त आयटीएसवर जवळच्या जाती वेगळ्या होतीलच असं नाही, म्हणून नवी जात मांडताना बहुतेक जण एलएसयू, आरपीबी२, टीईएफ१ अशी आणखी जनुकं वाचतात.

केळीबाग_चोपडा

मॅडम, छाप पडली! रात्री वाटी घातली होती, सकाळी काढली. काळ्या कागदावर स्पष्ट, पांढऱ्यावर जरा फिकट, रंग गुलाबी-विटकरी. फोटो टाकलाय. बायकांनाही दाखवली, कारण सांगितलं, त्यांनी मान डोलावली. आता पुढे काय करू? आणि गावाच्या नावाचं सांगा ना.

पावसाळी_वही

छाप फार सुंदर आली आहे. अमानिटा मागे पडली. व्होल्व्हॅरिएला हा अंदाज पक्का होत चाललाय, पण कोणती ते अजून मोकळं ठेवा. बहुतेक ती व्होल्व्हेसियाच निघेल, आणि तसं निघालं तरी हा नमुना वाया जाणार नाही. खान्देशातल्या केळीच्या खोडावरची, तारीख आणि जागेसकट, छापेसकट ठेवलेली नोंद उद्या कोणाला या गटाचा अभ्यास करायचा असेल तेव्हा लागेल.

नमुना असा ठेवा. एक न उमललेला गोळा, एक अर्धवट उमललेली, एक पूर्ण उमललेली, तिन्ही बुडाच्या वाटीसकट खणून काढा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम फुटून सडते. वर्तमानपत्रात गुंडाळा. ताजी असतानाच वही लिहा, वाळली की रंग आणि वास जातो: तारीख, गाव, जीपीएस, कशावर उगवली, शेजारी कोणतं झाड, टोपीची रुंदी, दांड्याची लांबी, कापल्यावर रंग बदलला का, वास कसला. एक गोळा उभा चिरून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. मग दांड्याच्या आतल्या भागातून तांदळाएवढा तुकडा काढून सिलिका जेलच्या छोट्या डबीत टाका, तो डीएनएसाठी. उरलेलं ४० ते ५० अंशांच्या हवेत वाळवा. घरी भाजी वाळवायचा ड्रायर असेल तर चालेल, कडक उन्हात नको, त्यात ती शिजते. वाळल्यावर पापडासारखी मोडली पाहिजे, नुसती चिवट झाली तर आत ओल आहे. मग कागदी पाकीट, वर तोच क्रमांक जो वहीत आहे, आणि छापेच्या कागदावरही तोच.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर हर्बेरियम आहे, बुरशांच्या वाळक्या नमुन्यांसाठी. जवळ हवं असेल तर जळगावच्या बहिणाबाई विद्यापीठात जीवशास्त्राच्या विभागात विचारा, तिथून पुढची वाट कळेल. तुमच्या स्वतःच्या बांधावरचं आहे म्हणून परवानगीचा प्रश्न नाही. पण वनक्षेत्रातून, यावल अभयारण्यातून तर नक्कीच, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, आणि नमुना देशाबाहेर पाठवायचा तर जैवविविधता कायदा लागतो.

नावाचं. नवी जात ठरली तर नाव देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. वर्णन किंवा नेमका फरक सांगणारा मजकूर लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत हवा. २०१२ पूर्वी लॅटिनच सक्तीचं होतं. एकच नमुना प्रमाण म्हणून निवडायचा आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला हे छापायचं. १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक किंवा तशाच मान्य नोंदणीत क्रमांक घेतल्याशिवाय नाव वैध धरत नाहीत. एवढं झालं की अभ्यास प्रसिद्ध करणारे नाव ठरवतात. गावाचं, तालुक्याचं, खान्देशाचं नाव द्यायला नियमांची आडकाठी नाही, अशी गावांची नावं कितीतरी जातींना आहेत. स्वतःचंच नाव मात्र कोणी देत नाही, तो संकेत आहे.

आणि एक, हे मला मनापासून वाटतं म्हणून लिहिते. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. ती मागून घ्या. पावरा दादांना ज्या छत्र्या माहीत आहेत, कोणत्या खातात, कोणत्या नाही, कोणत्या झडीत, कोणत्या वारूळावर येतात, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या परवानगीने त्यात लिहा. वारूळावरच्या टर्मिटोमायसिस वाळवीच पोसते. वारूळाच्या आत ती बुरशीची शेती करते आणि पावसात त्या बुरशीची लांब शेपटीची छत्री बाहेर येते. त्यांच्या जाती वेगळ्या करण्यात अजून पुष्कळ काम बाकी आहे. त्यात पावरा आणि भिल्ल घरांची डोळ्यांनी केलेली वर्गवारी पहिल्या पानावर असायला हवी. २०१७ च्या अंदाजाने जगात बुरशांच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, आणि नाव मिळालेल्या जेमतेम दीड लाख. हे अंतर प्रयोगशाळेत बसून भरणार नाही.

लॅब_पुणे

मान्य, नमुना जपलेला नसेल तर माझ्या सिक्वेन्सला आधार नाही. केळीबाग_चोपडा, सिलिकातला तुकडा तयार झाला की मला मेसेज करा. आयटीएस आणि एलएसयू दोन्ही आमच्याकडे करून देतो, खर्च माझ्याकडे. रिपोर्ट मॅडमनाही पाठवतो.

माळरान_धुळे

मॅडम, मग मी पोडॅक्सिस गोळा करतो. शिंदखेडा, साक्री आणि नंदुरबारकडचा एक माळ, तिन्हीकडची. पण ती हाताळली की काळी पूड सगळीकडे उडते, एकीची दुसरीला लागते. हे कसं टाळू? आणि किती जुनी चालते?

पावसाळी_वही

प्रत्येक छत्रीला वेगळं कागदी पाकीट, जागेवरच. मातीसकट उचला, झटकू नका, पाकिटाचं तोंड दुमडून चिकटवा आणि त्यावर लगेच क्रमांक टाका, घरी येऊन नाही. एका वारूळावरून दुसऱ्यावर जाताना चाकू स्पिरिटने पुसा. एकाच वारूळावरची कोवळी, मधली आणि वाळलेली अशा तिन्ही मिळाल्या तर उत्तम. कोवळीचे खवले आणि आतला रंग नीट दिसतो, वाळलेलीतून बीजाणू मिळतात. फुटून रिकामी झालेली, वर्षभर उन्हात उभी राहिलेली घेऊ नका. वारूळाची उंची, ते जिवंत आहे की सोडलेलं, हे लिहा, आणि तिथली वाळवी दोन-चार स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका. पोडॅक्सिसच्या कोणत्या जातीचं कोणत्या वाळवीशी नातं आहे, ते त्यावरूनच तपासता येईल.